तेजकेतू, दोरखंड आणि टोकन नंबर १४७

५ जानेवारी २०२६, सोमवार

गुड्डीच्या शाळेची उरलेली वही घेतली. पहिल्या चार पानांवर गणितं होती, ती फाडली. गुड्डी रडली. गणितं चुकलेलीच होती.

ही वही फक्त माझ्यासाठी. नवीन वर्षाचे संकल्प तीन. रागावायचं नाही. नक्षत्र कॉमिक्स आणि मैदान कॉमिक्स यांचा तुलनात्मक तक्ता पूर्ण करायचा, पुस्तकं आणि पिक्चर दोन्ही धरून. आणि प्रफुल्ल हार मानत नाही तोवर त्याच्याशी एक शब्द बोलायचा नाही.

प्रफुल्ल म्हणजे माझा साळा. त्याआधी वर्गमित्र. दोघं एकाच खाणीत, एकाच शिफ्टला. लग्नाआधी मला मन्या म्हणायचा, आता जावई म्हणून भाऊजी म्हणतो, पण भांडतो मन्याशीच. सहावीपासून मी नक्षत्रचा, तो मैदानचा. दिवाळीत आमच्या तेजकेतूचा पिक्चर आला, तेव्हा सासुरवाडीला भर पंगतीत तो म्हणाला, हिरो कायचा जी, एलईडीचा बलब उडून राह्यला. सगळे हसले. सासूबाईसुद्धा. मी जेवण अर्धवट सोडून उठलो. पुरणपोळीसुद्धा.

आता फैसला २५ जानेवारीला, रविवारी पाच वाजता, कॉलनीच्या क्लबमध्ये. जाहीर वाद. हरणाऱ्यानं कॉमिक्सची पूर्ण पेटी जिंकणाऱ्याला द्यायची. पंच खाणीच्या बत्तीघरातले मारोतराव, कारण त्यांनी आयुष्यात एकही कॉमिक्स वाचलेलं नाही.

६ जानेवारी

तक्ता सुरू. डाव्या बाजूला आपला तेजकेतू. ताऱ्याच्या पोटी जन्म, डोळ्यांतून किरण, उडतो. गुण दहापैकी दहा.

उजव्या बाजूला मैदानचा दोरखंड. शक्ती: काही नाही. सामान: एक दोर, एक टॉर्च. अंक चौदामध्ये हा माणूस स्वतःच्या वैऱ्याला शोधायला पडक्या विहिरीत उतरतो. वैरी विहिरीत आहे की नाही हेसुद्धा त्याला माहीत नाही. शेरा: अवास्तव. जगात असं कोणी करत नाही. गुण शून्य.

शेरा लाल पेनानं लिहिला.

८ जानेवारी

गुड्डीनं विचारलं, तेजकेतूले उडता येते तर तो पिक्चरभर कारमधीच कायले फिरते. मी शांतपणे समजावलं. ती म्हणाली, तुमी ओरडून कायले राह्यले. बारा वर्षांची पोरगी आणि बोलणं पूर्ण मामाचं.

अंजूचं म्हणणं, दोघंही बेचाळीस वर्षांचे घोडे झाले, आता पेट्या पोराबाळांना देऊन टाका. बायकोला साहित्यातलं काही कळत नाही, हे मी मनात म्हणालो. मनातलंसुद्धा तिला ऐकू जातं. भाजी आळणी होती.

१२ जानेवारी

नोट्स काढायला मोबाइलवर तेजकेतू पुन्हा पाहिला. पुस्तकात त्याची आई तारा आहे. पिक्चरमध्ये तिचं बुटीक आहे. तीस वर्षं मी त्या ताऱ्याला आई मानलं आणि यांनी तिला ब्लाउज शिवायला बसवलं. फार संताप झाला. दिग्दर्शकाला पत्र लिहायला घेतलं, मग लक्षात आलं की पत्र प्रफुल्लच्या हाती लागलं तर पुरावा होईल. फाडलं. तक्त्यात लिहिलं: आधुनिक मांडणी. गुण नऊ.

एका शॉटमध्ये त्याच्या पाठीवर झगा आहे, पुढच्यात नाही, त्याच्या पुढच्यात आहे. हा प्रयोग असावा.

१६ जानेवारी, शुक्रवार

तुमसरच्या टॉकीजला दोरखंडचा पिक्चर लागला. पहिल्याच दिवशी प्रफुल्ल अंजूला आणि गुड्डीला घेऊन गेला. मला विचारलं नाही. मी बोलत नाही म्हणून विचारलं नाही म्हणे. ही काय पद्धत झाली.

गुड्डीनं येताक्षणी अंगणातली कपड्यांची दोरी सोडली आणि खिडकीला बांधून उतरायला लागली. माझी ड्यूटीची पँट मातीत. रागावलो. या वर्षातलं अकरावं की बारावं, मोजणं सोडून दिलं आहे.

१९ जानेवारी

आज खाणीतून वर येताना पाळण्यात, म्हणजे आमच्या लिफ्टमध्ये, आम्ही चौदा जण. तेरा जण दोरखंडबद्दल बोलत होते. पाळण्यातून माणूस उठून जाऊ शकत नाही. प्रफुल्ल कोपऱ्यात उभा राहून नुसता हसत होता. बोलला असता तर बरं.

मारोतरावांनीसुद्धा पाहिला. म्हणजे पंच फुटला. मी आक्षेप घेतला. ते म्हणाले, तुमी पाह्यला काय गा? नाई ना? मंग न पाह्यताच बोंबलून काहून राह्यले?

मी पाहणार नाही. कधीच नाही.

२० जानेवारी

विचार केला. न पाहता टीका केली तर प्रफुल्ल हाच मुद्दा धरणार. शत्रूच्या गोटात गेल्याशिवाय त्याची कमजोरी कळत नाही. यात आवडीचा प्रश्न नाही, हा अभ्यास आहे.

गुरुवारी दोन वाजता शिफ्ट सुटली की सव्वादोनची जीप. साडेतीनचा शो. तोंडाला मफलर. अंजूला सांगायचं, ओव्हरटाइम आहे. फोन बंद. सात वाजता परत. या योजनेत चूक शोधली, सापडली नाही.

२२ जानेवारी, गुरुवार. दुपारी २.३०

जीपमध्ये. अक्षर हलतंय.

बत्तीघरासमोर रांग होती. आमच्याकडे नियम असा की उतरताना आपलं पितळी टोकन द्यायचं आणि डोक्याची बत्ती घ्यायची. वर आलं की बत्ती द्यायची, टोकन घ्यायचं. टोकन बोर्डावर लटकलेलं दिसलं की माणूस खाली आहे असं समजतात. आज रांगेत शेवटी कोण, तर प्रफुल्ल. त्याच्या मागे उभं राहायचं म्हणजे तो वळणार, काहीतरी म्हणणार, आणि माझा संकल्प मोडणार. जीपही सुटली असती. म्हणून बत्ती पिशवीत टाकली आणि मागच्या बाजूनं निघालो. उद्या सकाळी गुपचूप देईन. वीस वर्षांत पहिल्यांदाच करतोय. एक रात्र टोकन लटकून राहिलं तर त्याला काय भूक लागते?

४.५० इंटरव्हल

पिक्चर सुमार. समोसा गार. चुका लिहायला वही उघडी ठेवली आहे. अजून लिहिल्या नाहीत, अंधार आहे.

६.१५

संपला. विहिरीचा सीन यांनी अंक चौदामध्ये आहे तसाच ठेवलाय. त्या सीनला माझ्या डोळ्यांत काहीतरी गेलं. टॉकीजमध्ये धूळ फार. शेजारच्या बाईंनी रुमाल दिला. घाईत परत करायचा राहिला.

२३ जानेवारी, शुक्रवार

आज घरी. आजपासून तीन दिवस सस्पेंड. जे झालं ते जसंच्या तसं लिहितो, कारण बाहेर वाट्टेल ते सांगून राहिले आहेत लोक.

सात वाजता जीपमधून उतरलो तर खाणीच्या गेटवर ही गर्दी. ॲम्ब्युलन्स उभी. चहावाल्या केशरबाई पाठमोऱ्या उभ्या होत्या. मी मफलरमधून विचारलं, कोण अडकलं. त्या मान न वळवता म्हणाल्या, टिंबरवाला मनिष. मी म्हणालो, बापरे. मग विचारलं, कोणता मनिष.

तेव्हा त्या वळल्या. हातातली किटली माझ्या पायावर सोडली. पाय अजून दुखतोय, त्याची चौकशी कुणी केलेली नाही.

झालं असं की तीन वाजता मारोतरावांनी बोर्ड पाहिला. माझं टोकन एकशे सत्तेचाळीस लटकलेलं, बत्ती जागेवर नाही. फोन बंद. माणूस घरी पाठवला तर अंजू म्हणाली, ओव्हरटाइमले हायेत. ओव्हरटाइमच्या यादीत माझं नाव नाही. मग खाली काम थांबवलं आणि साहेबांनी चार जणांची टोळी उतरवली. प्रफुल्ल घरी जाऊन जेवायला बसला होता. ताटावरून उठला, बत्ती घेतली आणि पाचवा म्हणून उतरला. तासाभरानं टोळी बदलली. तो बदलला नाही.

मी टिंबरवाला. खाणीतल्या जुन्या गल्ल्यांत छताला लाकडाचा टेकू द्यायचं काम माझं. म्हणून त्यानं जुन्या गल्ल्या एकेक करून पाहिल्या. दक्षिणेच्या टोकाला एक आहे, तिथं छत सैल आहे. तिच्या तोंडाशी लाल पट्टा मी स्वतः ओढलाय, दिवाळीच्या आधी. त्या पट्ट्याच्या पुढे कुणी जायचं नसतं. साहेब आत नको म्हणाले. तो पोटावर सरपटत गेला.

मला हे गेटवर कळलं तेव्हा मी सगळ्यांवर चिडलो. म्हणालो, एवढ्याशा टोकनसाठी एवढा बाजार कशाला मांडला. मी जिवंत आहे याचा आनंद झालेला एकही चेहरा तिथं दिसला नाही. अंजू गुड्डीला मांडीशी धरून जमिनीवर बसली होती. ती उठली, माझा मफलर काढला, घडी घातली आणि माझ्या शर्टाच्या खिशात ठेवायला गेली. खिशात तिकीट होतं. तिनं ते वाचलं. दोन्ही बाजूंनी.

साडेसातला प्रफुल्ल वर आला. मॅंगनीजच्या भुकटीनं काळाठिक्कर. पँटचे गुडघे फाटलेले, आतलेही. माझ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं, आवाज निघाला नाही. चार तास माझ्या नावानं ओरडत होता. मन्या म्हणून ओरडत होता, हे सोबतच्या ईश्वरनं सांगितलं. मग तो माझ्याजवळ आला, माझ्या पिशवीतून बत्ती काढली, आपल्या बत्तीसोबत मारोतरावांच्या काउंटरवर ठेवली, दोन्ही टोकनं घेतली आणि माझं माझ्या हातात दिलं. आणि घरी गेला.

टोकन खिशात टाकून मी अंजूच्या मागं घरी निघालो.

२४ जानेवारी

साहेबांना लेखी खुलासा द्यायचा होता. पहिला लिहिला: वैचारिक अभ्यासासाठी बाहेर जाणे आवश्यक होते. परत आला. दुसरा: रांगेत कौटुंबिक अडचण उद्भवली. परत आला. तिसरा साहेबांनीच सांगितला, मी फक्त सही केली: 'बत्ती जमा न करता दोरखंड हा सिनेमा पाहण्यास गेलो.' तो आता नोटीस बोर्डावर आहे. लोक त्याच्यासोबत फोटो काढताहेत.

फार राग येतोय. कुणाचा ते नीट ठरत नाही.

गुड्डी बोलत नाही. विचारलं तर अंजूनं सांगितलं, तिचाबी संकल्प हाय.

प्रफुल्लला डॉक्टरांनी आठ दिवस बोलायला मनाई केली आहे. म्हणजे उद्या तो वाद घालू शकत नाही. म्हणजे नियमाप्रमाणे मी जिंकलो. नियम मी केलेला नाही.

२५ जानेवारी, रविवार

पाच वाजता तक्ता घेऊन क्लबला गेलो. खुर्च्या मांडलेल्या नव्हत्या. फक्त मारोतराव. मी म्हणालो, निकाल जाहीर करा. ते म्हणाले, हाव, तुमी जितले. आता कुलूप लावू काय?

जिंकलेली पेटी आणायला प्रफुल्लकडे गेलो. अंजू आणि गुड्डी तिथंच. पेटी दाराबाहेर काढून ठेवली होती, पुसून. शब्द पाळला म्हणे. झाकण उघडलं तर सगळ्यात वर अंक चौदा. आत एका पानावर माझं नाव, सातवीतल्या माझ्याच अक्षरात. म्हणजे तो अंक मी त्याच्याकडून वाचायला नेला होता. हे मी साफ विसरलो होतो. किंवा विसरायचं ठरवलं असेल.

पेटी जड होती. उचलली नाही.

आत जाऊन बसलो. प्रफुल्लच्या दोन्ही गुडघ्यांवर हळद. त्यानं गुड्डीच्या वहीवर लिहून माझ्यापुढे सरकवलं: इहिरीचा सीन कसा वाटला भाऊजी? मी म्हणालो, ठीक. त्यानं लिहिलं: रडले ना? मी म्हणालो, धूळ होती. गुड्डी हसली. गुरुवारनंतर पहिल्यांदा.

मग मी विचारलं की लाल पट्ट्याच्या पुढे काहून गेला. जरा जोरातच विचारलं असेन, अंजूनं डोळे वटारले. म्हणालो, तो पट्टा मी ओढला आहे, मी तिथं मूर्खासारखा कशाला जाईन, एवढं कळत नाही तुला. त्यानं लिहिलं: टोकन लटकून होता ना तुमचा.

घरी येऊन तक्ता उघडला. अंक चौदासमोरचं 'अवास्तव' खोडलं. तिथं दुसरं काय लिहायचं ते सुचलं नाही, जागा रिकामी ठेवली आहे. पहिला संकल्प केव्हाच मोडला. तिसराही आज मोडला, आता रद्दच करावा लागणार, कारण अजून सात दिवस त्याला बोलता येत नाही. बोलावं लागेल मलाच.