घरच्या माणसाची रोजी

१२ फेब्रुवारी
आज वीरेंद्रनं तोंड उघडलं. "मले आता नाही जमत, रिता. एकमेकाले मोकळं करू." भांडण नाही, आवाज नाही. नवरा असं इतक्या हळू बोलू शकतो हे मला माहीतच नव्हतं! मी ताटातला भात डाव्या हातानं चिवडत बसले.

१५ फेब्रुवारी
एकोडीचं सासर सोडलं. सिहोऱ्याला माहेरी आले. आई रडते, मी नाही.

२ मार्च
कुलदीपदादासोबत भंडाऱ्याला, वासुदेवराव वकिलांकडे. राजीखुशीनं घटस्फोट घ्यायचा तर देणंघेणं आधी ठरवा, म्हणाले. दादानं लगेच नुकसानभरपाईचं विचारलं. दोन वर्षांपूर्वी धान लावायला, रोवण्याला जाताना ट्रकनं आमची ऑटो उडवली, माझा उजवा हात कोपरापासून गेला, त्याचे विमा कंपनीनं तडजोडीत दिलेले पैसे.
वकील म्हणाले, "ते तिच्या शरीराचे पैसे. तिचेच राहतील. नवरा आहे म्हणून त्याला आपोआप वाटा मिळत नाही."
दादा खुलला. मी नाही. हात माझा, पैसे माझे, दुःखही माझंच — मग त्या घरात आमचं दोघांचं असं काय होतं?

९ मार्च
वीरेंद्रच्या वकिलाचा निरोप. हाताचे पैसे नकोत म्हणे. पण तडजोडीच्या कागदात सेवा करणाऱ्या माणसासाठी वेगळी रक्कम दाखवली आहे, ती हवी. सेवा त्यानं केली ना! वेणी घातली, निऱ्या खोचल्या, आंघोळ घातली. हिशेब कसा लावलाय? रोवण्याच्या रोजीनं!!
घरच्या धानाच्या बांधीत रोवणा केला तर घरची बाई रोजी मागत नाही. दिवसभर चिखलात वाकून कंबर गेली तरी नाही. रोजी बाहेरून आलेल्या बाया घेतात, संध्याकाळी दारात उभ्या राहून. आज माझा नवरा त्या दारात जाऊन उभा राहिला.

१० मार्च
रडले. बस्स.

११ मार्च
न राहवून फोन केला. "काहून असं केलं?"
"तुह्यापायी दुकानातलं काम सुटलं माह्यं. मी काय खाल्लं असन?"
हेही खरंच. वासुदेवराव म्हणतात, द्यायची सक्ती नाही. दादा म्हणतो, "एक रुपया देऊ नको त्याले!" मी देणार. आंघोळ घालताना तो गुणगुणायचा, मला लाज वाटू नये म्हणून तोंड भिंतीकडे करायचा — ते सगळं एकदाचं विकत घेऊन टाकायचं. मजुराची आठवण कोण काढतं?

३ एप्रिल, पुढचं वर्ष
कायद्याप्रमाणे वेगळं राहून वर्ष भरलं, आज अर्जावर दोघांच्या सह्या झाल्या. वकिलांनी तो लगेच कोर्टात पाठवला. मग मी पैसे पुढे ठेवले आणि पावती. डाव्या हाताचं माझं वेडंवाकडं अक्षर — 'रिताच्या सेवेची रोजी पोचली.'
वीरेंद्रनं वाचलं. पेन उचललं, ठेवलं.
"रोजी नको लिहू."
"मंग काय लिहू?"
त्यानं पैसे माझ्याकडे सरकवले. "याच्यावर माह्यी सही नाही होत, रिता." आणि गेला. दादा खूश — पैसे वाचले! मी पावती उचलून घेतली.

४ एप्रिल
रोजी घेतली नाही त्यानं, म्हणजे घरचाच माणूस होता तो. आता कशी सोडू त्याला?