भीती मला द्या

४ जून
आज रुग्णालयात समुपदेशक म्हणून रुजू झाले! अपघात विभागाशेजारी मला चक्क स्वतंत्र खोली दिलीय. जखमी माणसाशी पहिल्या दिवसातच नीट बोललं, तर धसका मनात घर करत नाही. तेच माझं काम. छावणी भागात घरही छान मिळालं. नाशिक सुटलं म्हणून कुरकुरणारी आईसुद्धा इथं रमलीय.

९ जून
केरबा करमाडकडचा मेंढपाळ. जालना रोडवर ट्रक कळपात घुसला आणि हा मेलेल्या मेंढ्यांखाली दबला. फुटलेल्या आतड्यांतली घाण तोंडात गेली. तेव्हापासून घास उतरत नाही, डोळा लागत नाही. सगळ्यांना म्हणते तेच म्हणाले, तुमची भीती मला द्या. सगळं ऐकून घेतलं, चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. निघताना त्याच्या आईनं, म्हाळसाबाईंनी, दहीभात पुढं केला. नाही कसं म्हणायचं? खाल्ला.

१० जून
केरबा रात्रभर घोरला, सकाळी भाकरीवर तुटून पडला. डॉक्टर खूश. माझ्या चहाला मात्र ओल्या लोकरीचा वास.

१२ जून
जेवताना दातात लोकर अडकली. ओढली तर घशातून येतच राहिली, लेंड्यांनी माखलेली. शी!

म्हाळसाबाईंना गाठलं. तो भात केरबावरून उतरवलेला होता! असा उतारा तिठ्यावर ठेवतात. खाईल त्याला बाधतो, हे मलाही ठाऊक आहे. बाई हात जोडून म्हणाल्या, “आवं, तुम्हीच म्हणला न, भीती मला द्या? म्हून दिली. लई उपकार झाले.” लबाडी नव्हती, म्हणून जास्तच किळस आली.

१४ जून
उताऱ्याची बातमी वॉर्डभर झाली. बजाजनगरच्या एका कामगाराचा हात मशीनमध्ये गेला. त्याची बायको वच्छलाबाई वाटी घेऊन दारात. हाकललं. ती वाटी ठेवूनच गेली. भात कचऱ्यात टाकला. मग उपसून खाल्ला, कापसाच्या बोळ्यांसकट. तेवढा वेळ तरी लोकर थांबते.

१५ जून
आता तोंडात मशीनचं तेल. आणि बोटं — माझी नाहीत — जिभेखाली वळवळतात. आईला सगळं सांगितलं. तिनं उठून भात लावला.

१६ जून
आईनं वाटी माझ्यावरून उतरवली. तिठ्यावर टाक म्हटलं, कुत्री खातील. तिनं आतून कडी लावली. घास तिनं स्वतःच्याच तोंडात घातला — थांब म्हणायला मी तोंड उघडलं, तर स्वच्छ. लोकर नाही, तेल नाही. शी, मला बरं वाटतंय. आई खातेच आहे. तिच्या ओठांतून लोकर —