आयोडीननंतरचे एकवीस दिवस

हिंगुतानान,
९ मार्च

लाडक्या इंदाय जोविता,

तू आणि पोटातलं बाळ सुखरूप असाल, तुझ्या पायांची सूज उतरली असेल, अशी आशा करते. इकडे सगळं ठीक. समुद्रात लावलेले शेवाळाचे दोर भरून आलेत. कोंबडीने पुन्हा रेनान्तेच्या जुन्या बुटात अंडी घातलीत. तो, तुझा नवरा, जहाजावरून फोन करतो आणि आधी तुझंच विचारतो. मी म्हणते, माहेरी आराम करतेय. एवढंच म्हणते.

माझा आवाज ऐकून तू फोन ठेवून देशील, म्हणून कागद घेतला. अक्षर बघ. सहा महिन्यांपूर्वी माझ्या हातून कॉफी सांडायची, आता ओळ सरळ जाते. हे तुझे उपकार. सगळे म्हणत होते, वयाने चिडचिडी झाली. तूच म्हणालीस, "नानय, डोळे बघा किती मोठे झालेत. दुप्पट भात खाऊन वाळताय. चला डॉक्टरकडे." तेव्हाही मी तुला चार शब्द सुनावले. तरी नेलंस आणि थायरॉइड सापडलं. देव तुझं भलं करो.

दुसऱ्या खेपेला सेबूच्या इस्पितळात जायच्या आधी पाच दिवस थायरॉइडच्या गोळ्या बंद होत्या. छातीत होडीचं इंजिन लावल्यासारखं होत होतं. मग किरणोत्सारी आयोडीनची एक कॅप्सूल, एवढीशी. चार दिवसांनी गोळ्या पुन्हा सुरू. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आयोडीनला काम करायला महिने लागतात, तोवर गोळ्या राखण करतील. मध्येच शहाणपणा करू नका." त्या मला चांगलंच ओळखून आहेत.

आणि बजावलं, तीन आठवडे गरोदर बाई आणि लहान मुलांच्या जवळ जायचं नाही. अंगातून किरणं निघतात म्हणे. नेमकी सहाव्या दिवशी तू आलीस, आठव्या महिन्यात, होडीने, आलं घातलेल्या कोंबडीच्या साराचा डबा घेऊन. "नानय, मी आहे," तीनदा म्हणालीस. मी मागच्या खोलीत भिंतीला चिकटून उभी. डबा पायरीवर ठेवून तू परत गेलीस. तुला वाटलं असेल, म्हातारीचा राग अजून गेला नाही. राग नव्हता गं. बाळाच्या जिवाची भीती होती.

पण तेवढंच असतं तर खिडकीतून ओरडले असते, "लांब थांब, औषध घेतलंय!" तेवढं तोंड मला आहे, अख्ख्या बेटाला ठाऊक आहे. नाही ओरडले. बोलायला लागले असते तर पुढचंही बोलावं लागलं असतं. ते आता लिहिते.

पहिल्या खेपेला तपासणीत निघालं की माझ्या अंगात आधीच आयोडीन भरलंय, औषध लागू पडणार नाही, दीड महिन्याने या. परतीच्या होडीत, सगळ्या शेजारणींसमोर मी तुला म्हटलं, "तूच जेवणात चोरून आयोडीनचं मीठ घातलंस. मी मेले की घर तुझंच." तू रडलीही नाहीस. दुसऱ्या दिवशी माहेरी गेलीस.

जोविता, त्या तपासणीआधी दोन आठवडे तू माझ्यासाठी वेगळं, आयोडीनच्या मिठाशिवाय, बेचव रांधलंस. आणि मी रोज दुपारी वाळवणाच्या मचाणावर शेजारच्या तिबुर्सियाबरोबर व्हिनेगर घातलेला गुसो खात होते, वाडगा वाडगा. 'समुद्री शेवाळ नको' हे तू मला कागदावरून वाचून दाखवलं होतंस. मला वाटलं, शेवाळ म्हणजे आपण वाळवून कारखान्याला पाठवतो ते. ताटातला गुसो ही तर भाजी, काकडीसारखी! जन्मभर शेवाळ पिकवणाऱ्या बाईची ही अक्कल. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गुसो खाल्लात?" आणि मला कळलं. तू बाहेर बाकावर होतीस. म्हणजे होडीत चढताना मला सगळं ठाऊक होतं आणि ठाऊक असून बोलले. चिडचिड आजाराची होती, डॉक्टरीणबाईही तसंच म्हणतात. खोटं मात्र माझं होतं.

एकवीस दिवस परवा संपले. काल प्रार्थना सुटल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर त्याच शेजारणींना थांबवून हे सगळं सांगितलं. तिबुर्सिया म्हणाली, "वाडगे मीच धुतलेत की!" सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही, पण रात्री शांत झोप लागली.

तुझं सार मी तीन दिवस पुरवून खाल्लं. माझं इतकं ऐकून घेतल्यावरही तू ते घेऊन आलीस, याचे आभार कसे मानायचे ते मला येत नाही. येत्या रविवारी पहिल्या होडीने तालिबोनला, तुझ्या माहेरी येतेय. तुला न्यायला नाही, माफी मागायला. घरी परतायचं की नाही, ते तू ठरव.

खाली 'तुझी आई' असं लिहिलं होतं, मग खोडलं. ते तू म्हटल्याशिवाय मी लिहिणार नाही. तोपर्यंत,

रेनान्तेची आई,
कोन्सोर्सिया