स्टोव्हवरचं नाव

कराड, ८ फेब्रुवारी १९७४

चि. नानासोला आक्काचा पोटभर आशीर्वाद.

न्हाई रं, रॉकेलात पाणी नव्हतं. आन् अंजनाला स्टोव्ह पेटवता येतो, पोरीला तुझ्यासारखं समजू नगंस. वात जळून संपली, एवढंच झालंय. नवी वात तिच्या सासरी तासगावात कुठंच मिळंना. दुकानदार म्हणतो, ह्या मापाची आता येतच न्हाई. लग्नाला अजून वर्स झालं न्हाई! धाकट्या दिरांची पोर, म्हणून तुझ्या दुकानातनं हौसंनं आहेराला नेला, वर नाव घालून घेतलं. आता तिची सासू चुलीत फुंकर मारती आन् त्या नावाचा उद्धार करती. पोर मान खाली घालून ऐकती. वात धाडून दे.

माया पातळ करू नगंस.
तुझी आक्का, चंद्रा


सांगली, १५ फेब्रुवारी

ती. आक्कास नानासोचा वाकून नमस्कार.

कंपनीचा माणूस आला होता, त्याला विचारलं. हसून म्हणाला, ते मॉडेल बंद, आता वात रुंद केली. जुन्या वाती पुरवत बसलो तर नवा स्टोव्ह घेणार कोण? त्याला चहा पाजला, दुसरं काय करणार? तू नवाच घेऊन टाक, खरेदीच्या भावात देतो. आणि विहीणबाईंचं काय मनावर घेतेस? दाजी देवाघरी गेले. त्यांच्या नावानं कोण बोललं तर त्यांना थोडंच ऐकू येतंय?

लोभ आहे तसाच असू दे.
तुझा नानासो


कराड, २२ फेब्रुवारी

चि. नानासोला आशीर्वाद, पण अर्धाच.

चहा पाजलास? बिस्कुटं न्हाई दिलीस? माझा पितळी स्टोव्ह तुझ्या लग्नाच्या आधीचा हाय. वायसर बदलला की पुन्यांदा फुरफुरतोय. तुझ्या डब्याला मात्र सगळं नवंच पायजे. अंजनानं धोतराचं फडकं वळून वातीच्या जागी घातलं, तर घर काळं झालं, सासूच्या नाकापातूर. आता ती म्हणती, शिमग्याला माहेरी जाशील ती चालता स्टोव्ह घेऊनच ये, न्हाईतर तिकडंच ऱ्हा. पोर रडती रं. आन् नवा घेतला तर त्याची वात किती दिस मिळंल, ते विचारलंस का त्या चहावाल्या पावण्याला?

राग गिळ, माया ठेव.
तुझी आक्का, चंद्रा

ता. क. तुझ्या दाजींना ऐकू येत न्हाई म्हणून तू निवांत हायस. तर ऐक. तुझ्या दुकानात त्यो पत्रा बोटानं वाजवून बघितला, तवाच मन मानंना. असल्या डब्यावर आमच्या मालकांचं नाव घालायचं न्हाई, असं मी तिथंच ठरवलं. तू लग्नात जेवून पळालास, म्हणून तुला दिसलं न्हाई. तासगावात रोज शिव्या खातोयस त्यो तू. स्टोव्हवर नाव तुझं घातलंय, दुकानाच्या पत्त्यासकट.