यादीतला पत्ता

६ जाने., सोम.

'आठवण' एकदाची नोंदली गेली. दवाखान्याच्या पेशंटांना उद्याच्या तपासणीचा मेसेज पाठवणारी छोटी सर्व्हिस, तीन महिने एकटीनं लिहिलेली. आमच्या सगळ्या सर्व्हिसेसची मिळून एक यादी असते, वेगळ्या सर्व्हरवर. सुरू झाल्या झाल्या तिथं जाऊन नाव-पत्ता सांगायचा, मग दर तीस सेकंदांनी कळवत राहायचं की मी अजून आहे. कळवणं थांबलं की थोड्या वेळात नाव खोडतात. आज हिच्या नावापुढं हिरवी खूण आली.

कुणाला तरी सांगावंसं वाटलं. पुण्यात असते तर अ.ला, नवऱ्याला, सांगितलं असतं. त्यानं मोबाइलमधून मान वर न करता 'अरे वा' म्हटलं असतं. तेवढंही चाललं असतं आज.

शेवटी खाली जाऊन घरमालकीण चाचींना सांगितलं. त्या ब्लाउजला हुक लावत होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "म्हंजे शाळंतली हजेरीच की." आमच्या सॉफ्टवेअर आर्किटेक्टनं यावर बावीस स्लाइड्स केल्या होत्या.

७ जाने.

सकाळी समीरचा मेसेज. टीम लीड, पुण्यात बसतो. म्हणे तुझी सर्व्हिस यादीत हिरवी दिसतेय, पण तिच्यापर्यंत कुणीच पोचत नाहीय. अपॉइंटमेंटवाली सर्व्हिस हाक मारते, उत्तर नाही. शुक्रवारपर्यंत चालू हवी.

दिवसभर शोधलं. नेटवर्क तपासलं, पोर्ट तपासला, परवानग्या तपासल्या. काही नाही. चहा तीनदा केला आणि तिन्ही वेळा सवयीनं दोन कप. दुसरा कप मीच प्यायले. पित्त.

चाची पाण्याची मोटर लावायला वर आल्या होत्या. जाता जाता म्हणाल्या, "दोन म्हैनं झालं बघ. तुझ्याकडं एक पावणा न्हाय आला." म्हटलं, काम असतं. त्यांनी मान हलवली, पटलं नाही ते दिसलं.

८ जाने.

अ.चा फोन. इकडं आल्यापासून तिसरा. आईनं त्याला फोन केला होता. भोगीच्या दिवशी, सोमवारी सकाळी नऊच्या गाडीनं इचलकरंजीहून पुण्याला येतेय, संक्रांतीचं वाण घेऊन. तिकीटसुद्धा काढलं. लेकीला सांगू नका, अचानक येते, असं त्याला बजावलंय.

आईला वाटतं मी पुण्यातच आहे. दिवाळीनंतर मी घर सोडलं हे फक्त आम्हा दोघांना माहीत. आजवर मी फोन उचलला नाही की ती त्याला करायची, आणि तो बिचारा सांगायचा, मीटिंगमध्ये आहे, आंघोळीला गेलीय. आज म्हणाला, "आईंना दारात उभं करून मी काय सांगू? तूच सांग. मला आता त्यांच्याशी खोटं बोलवत नाही."

राग आला. बरोबर बोलणाऱ्याचा येतो तसा.

आमचं काही मोठं भांडण झालं नव्हतं. झालं असतं तर आईला सांगायला सोपं गेलं असतं. एका घरात राहून दोघं एकमेकांना काही सांगेनासे झालो, एवढंच. हे इचलकरंजीत कुणाला समजावणार? तिथं मारहाण, दारू किंवा दुसरी बाई लागते. माहेरी जायचं तर कारण सांगावं लागलं असतं, म्हणून कॉलेजचं गाव बघून इथं कोल्हापुरात, राजारामपुरीत खोली घेतली. माहेरापासून तासाभराच्या अंतरावर. लपायला याहून वेडी जागा शोधून सापडली नसती.

९ जाने., गुरु.

सापडलं. चूक माझीच.

यादीत 'आठवण'च्या पत्त्याच्या जागी 'लोकलहोस्ट' गेलंय. म्हणजे 'हेच मशीन'. पुण्यात असताना लॅपटॉपवर चाचणी करायला ती ओळ मीच घातली होती, काढायची राहिली. त्यामुळं दुसरी सर्व्हिस यादी बघून हिला शोधायला निघाली की फिरून आपल्याच मशीनवर येऊन थडकते. ही मात्र तिकडं दर तीस सेकंदांनी इमानदारीत कळवतेय, मी आहे, मी आहे. यादी मान डोलावतेय. सगळं हिरवं.

लॅपटॉप मिटला. एका ओळीचं काम, पण आज हात लावला नाही.

१० जाने.

ओळ काढली. खरा पत्ता भरून पुन्हा सुरू केली. सव्वाअकराला लॉगमध्ये, हिच्या नोंदींत, पहिली हाक. अपॉइंटमेंटवालीनं विचारलं, हिनं उत्तर दिलं. मग दुसरी, मग एकदम वीसेक. समीरनं अंगठा पाठवला.

आणि मला रडू फुटलं. चांगलं हुंदके देऊन. चौतीस वर्षांची बाई, लॉग बघून रडतेय. खूप एकटं वाटतं इथं. लिहून टाकलं एकदाचं.

११ जाने., शनि.

आईचा फोन. येण्याबद्दल अवाक्षर नाही, पण आवाजात आनंद मावत नव्हता. पुण्यात थंडी आहे का विचारलं. मी मोबाइलवर पुण्याचं हवामान काढलं आणि बघून सांगितलं, हो, चौदा डिग्री. शाल जवळ ठेव म्हणाली.

सांगायचं ठरवलं होतं. नाही सांगितलं. नालायक आहे मी.

१२ जाने., रवि.

भोगीची भाजी आणायला लक्ष्मीपुरीच्या बाजारात. वांगी, पावटा, घेवडा, हरभरा, गाजर, सगळं मिळून वाटे लावलेले. अर्धा वाटा मागितला तर भाजीवाली म्हणाली, "भोगीला अर्धा वाटा कोण नेतंय?" तेवढ्यात पलीकडच्या ओळीत मगदूम काकू दिसल्या. आईच्या शेजारच्या. मी सरळ मेथीच्या ढिगामागं खाली बसले. भाजीवाली बघत राहिली. काकू गेल्या, तरी मला उठता येईना. इतकी लाज मला घर सोडतानाही वाटली नव्हती.

अख्खा वाटा घेतला. बाजाराबाहेर येऊन तिथल्या तिथं आईला फोन लावला.

"आई, मी पुण्यात नाही. कोल्हापुरात आहे."

"कामाला आलीयस?"

"नाही. राहते. एकटी. दिवाळीनंतर."

पलीकडं शेजारचे माग चालू होते, त्यांचा खडखडाट तेवढा ऐकू येत होता. मग म्हणाली, "गेल्या म्हैन्यात डिंकाचं लाडू धाडलेलं, ते?"

"त्यानं खाल्ले असतील."

कालचे चौदा डिग्री आठवून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं काही विचारलं नाही. ना का, ना कसं. एवढंच म्हणाली, "पत्ता सांग. हळू सांग, लिव्हून घेते." मी सांगितला, गल्ली, घर नंबर, खाली टेलरची पाटी. फोन ठेवला तिनं. नंतर चारदा लावला, उचलला नाही.

१३ जाने., भोगी.

नऊला दादाचा मेसेज. "आई साडेआठलाच पिशव्या घिऊन गेली. स्टँडवर सोडतो म्हटलं तर नको म्हटली. कुठं निघालीयास विचारलं तर बोलली न्हाय. काय झालंय?"

तिच्याकडं पुण्याचं तिकीट आहे. माझा पत्ताही आहे. मोबाइल बंद. इकडं यायचं असतं तर दहापर्यंत पोचायला हवी होती. आता साडेअकरा. अ.नं कळवलंय की तो दुपारी पुण्याच्या स्टँडवर जाऊन थांबेल. जावयाला जाब विचारायला ती तिकडंही जाऊ शकते. माझं तोंड बघायचं नसेल तर नक्कीच.

समीरचे दोन कॉल येऊन गेले. घेतले नाहीत. अख्ख्या वाट्याची भाजी केली, बाजरीच्या सहा भाकऱ्या थापल्या. दोन करपल्या.

खिडकीतून किती वेळा वाकून बघितलं कोण जाणे. चाचींनी अंगणातून विचारलं, "कोण यायचंय व्हय?"

"आई."

त्यांनी हातातलं कापड बाजूला ठेवलं. "मग वर काय बसलीयास? गल्लीच्या तोंडाला जाऊन उभी ऱ्हा. पिशव्या असतील म्हातारीजवळ."

चप्पल घालते आणि जाते.