परदेशी पाकीट बाईंच्याच हाती द्यावे म्हणून

प्रति,
मा. पोस्टमास्तर साहेब,
पोस्ट कचेरी, बोरगाव,
ता. चिकोडी, जि. बेळगाव.

दि. १४ फेब्रुवारी १९८३

विषय : परदेशातून येणारी दोन पाकिटे, पैकी एक जोतिबा खोत यांस न फोडता व दुसरे अर्जदार बाईंच्याच हातात मिळण्याबाबत.

संदर्भ : आपल्याच कचेरीने दिलेले रेडिओचे लायसन, नाव अंबुबाई भीमाप्पा घस्ते.

महोदय,

१. अर्जदार अंबुबाई, वय ३४, धंदा विडी वळणे, यांना सही येते, आकडे येतात, मजकूर लिहिता येत नाही. सबब हा अर्ज निपाणीस कचेरीबाहेर टेबल टाकून बसणाऱ्या प्रस्तुत लेखकाने त्यांच्या सांगण्यावरून लिहिला आहे. बाई रागात आहेत. भाषा जमेल तेवढी सरकारी ठेवली आहे, जेथे बाईंनी ठेवू दिली नाही तेथे त्यांचेच शब्द घातले आहेत.

२. बोरगावात हौशी रेडिओ मंडळ आहे. त्याचे सेक्रेटरी जोतिबा नागोजी खोत, रेडिओ दुरुस्तीचे दुकानदार. बाई माहेरीच राहतात व वडिलांचेच नाव लावतात; त्याच घरातला त्यांचा सख्खा धाकटा भाऊ मायाप्पा हा सभासद. परदेशातील एका कॉलेजच्या पोरांनी आपल्या हातांनी लहानसा उपग्रह जोडून वर सोडला आहे. तो डोक्यावरून जाताना शिट्ट्या मारतो आणि त्या शिट्ट्यांत आपली तब्येत आकड्यांनी सांगतो, बॅटरी किती उरली, अंग किती तापले. आकडे बरोबर उतरवून जो पाठवील त्याच्या नावाचे कार्ड ती पोरे टपालाने धाडतात. खोतांना त्या कार्डाची हाव सुटली.

३. बाईंचे माळवद उंच म्हणून रेडिओचा संच त्यांच्या घरी बसवला. लायसन बाईंच्या नावे काढले. कारण विचारता खोत म्हणाले होते, "पोलीस आलेच तर बाईमाणसाला काय करतील?" साहेब, पकडून न्यायला बाईंचे नाव चालते, हे येथे नमूद करून ठेवावे.

४. कोणत्या शिट्ट्या म्हणजे कोणता आकडा याचा तक्ता भिंतीला लावून खोत दोन महिने पाठ करीत बसले. एक ओळ येईना. बाई त्याच खोलीत सूप मांडीवर घेऊन विड्या वळीत होत्या, त्यांना आठ दिवसांत सगळा तक्ता कानाने आला. तेव्हापासून दीड वर्ष असे चालले : उपग्रह यायच्या वेळी बाई माळवदावर जाणार, कानाला हेडफोन लावणार, अ‍ॅल्युमिनियमच्या काड्या ठोकलेला वेळू दोन्ही हातांनी धरून कोल्हापूरच्या बाजूकडून धारवाडच्या बाजूला आवाजामागे फिरवीत नेणार आणि तोंडाने आकडे सांगणार. मायाप्पा वहीत उतरवणार. खोत चहा पिणार व शेवटी सही करणार. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय म्हणतात ते हेच. फरक इतकाच की येथे दळणारीचे डोळे चांगले उघडे होते.

५. पहिले कार्ड आले. त्यावर जोतिबा खोत, खाली मायाप्पा घस्ते. बाईंनी भावाला विचारले, "माझं नाव कुठं हाय रं?" भाऊ म्हणाला, "आक्का, विडीवालीचं नाव घातलं तर तिकडची माणसं हसतील की!" त्या दिवशी बाईंनी भावाला जेवायला वाढले नाही. भांडल्या मात्र नाहीत. प्रस्तुत लेखकाच्या मते खोतांनी तेथेच घाबरायला हवे होते.

६. पुढे त्या पोरांनी जाहीर केले की शंभर फेऱ्यांचे आकडे पाठवणाऱ्यास मोठे प्रशस्तिपत्र मिळेल. खोतांनी शंभरावी फेरी व्हायच्या आतच आपला सत्कार ठरवला. येत्या रविवारी, दि. २० रोजी, शाळेच्या पटांगणात. परदेशाहून येणारे पाकीट आपण हात न लावता ठेवू, ते पाहुण्यांच्या हस्ते व्यासपीठावरच फोडून निपाणीच्या कॉलेजचे प्राध्यापक मोठ्याने वाचतील, अशी रिक्षा फिरवून घोषणा झाली आहे. माईकही सांगितला आहे.

७. या ठिकाणी एक बाब लिहू नये असा सल्ला लेखकाने दिला होता. बाई म्हणाल्या, "लिवा. मी काय चोरी केलीया व्हय?" म्हणून लिहितो. शंभराव्या फेरीला बाईंनी उपग्रहाने सांगितलेले आकडे सांगितलेच नाहीत. खोतांच्या घरच्या रेशनकार्डाचा नंबर सांगितला, बॅटरीच्या जागी तीन आकडे व तापल्याच्या जागी तीन. दर महिन्याला रेशनच्या रांगेत खोतांची बायको जयाबाई बाईंच्या पुढे असते, नंबर बाईंना तोंडपाठ आहे. खोत आजवर रांगेत उभे राहिलेले नाहीत. त्यांनी तो नंबर स्वतः वाचला, खाली ऐटीत सही केली आणि पाकीट बंद केले. ती पोरे आपल्या उपग्रहाचे आकडे ओळखणार नाहीत असे होणे नाही. माईकवर काय वाचले जाईल ते साहेबांनी समजून घ्यावे. "लई आनंद होईल मला," असे बाईंचे म्हणणे आहे.

८. खरे आकडे बाईंनी त्याच दिवशी आपल्या हाताने कागदावर उतरवले. जुन्या कार्डावरून पत्ता व बाईंचे पूर्ण नाव लेखकाने इंग्रजीत घातले आणि भावाला सुगावा लागू नये म्हणून ते पाकीट निपाणीहून रजिस्टर केले.

९. सबब विनंती की, खोतांचे पाकीट रविवारच्या आत आल्यास त्यांस शिक्क्यासकट, अगदी सन्मानाने पोचते करावे. तेवढ्यासाठी पोस्टमनला सत्कारालाही पाठवावे, बाई त्याला पहिल्या रांगेत बसवतील. बाईंचे पाकीट मात्र घरातील कोणाही पुरुषाच्या हाती देऊ नये, भाऊ म्हणवणाऱ्याच्या तर नाहीच. बाईंचे हात तंबाखूने भरलेले असल्यास ते धुऊन येईपर्यंत थांबावे. पाकिटावरील नाव इंग्रजीत असेल, बाईंना ते वाचता येणार नाही. तरी पोस्टमनने दारात उभे राहून ते एकदा मोठ्याने वाचावे, खोतांच्या दुकानापर्यंत ऐकू जाईल अशा बेताने.

अर्जाची कानडी प्रत लागल्यास बाई स्वतः येऊन तोंडी सांगतील.

सोबत : १. रेडिओ लायसनची नक्कल. २. रजिस्टरची पावती, निपाणी.

आपली नम्र, परंतु यापुढे गप्प न बसणारी,

(सही) अंबुबाई भीमाप्पा घस्ते
बोरगाव

अर्ज लिहून देणार : मष्णू सत्याप्पा हदगल, निपाणी