साठ टक्के बर्फ

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी मी तुम्हाला माफ केलेलं नाही, हे आधीच सांगते. पुण्यातल्या त्या प्रयोगशाळेत भर वर्गासमोर माझा कागद नाचवत तुम्ही विचारलंत, "बाई, भविष्य सांगताय की माफी मागताय?" मी 'पावसाची शक्यता' असं लिहिलं होतं, आणि तुम्हाला तो शब्दच चालत नसे. पडेल किंवा पडणार नाही, तिसरं काही नाही. सगळे हसले. वर तुम्ही म्हणालात, "हिला कुठेतरी कारकुनी बघा, हे हिचं काम नव्हे." ते आजही झोंबतं.

आता ऐका. इथे व्हर्जिनियात हिवाळ्याचे अंदाज देऊन मी पोट भरते आणि 'शक्यता' हीच माझी भाकरी आहे. डोंगराकडे बर्फ, समुद्राकडे पाऊस आणि मधल्या पट्ट्यात काय ते देव जाणे. तुमचा मुलगा याच मधल्या पट्ट्यात, हर्नडनला राहतो, आयटीत आहे. इथल्या मराठी मंडळाच्या संक्रांतीला ओळख निघाली तेव्हापासून आभाळ भरलं की त्याचा फोन येतो. मी त्याला टक्के सांगते आणि फोन ठेवते. त्याची तगमग ऐकून मला फार बरं वाटतं. तुमची नाही ऐकता आली, निदान तुमच्या पोराची तरी.

मागच्या आठवड्यात मोठं वादळ येत होतं. सकाळीच फोन. "ताई, आई आलीये पुण्याहून. उद्या तिला घेऊन रिचमंडला ड्राइव्ह करायचंय, बारसं आहे. जाऊ ना?"

"बर्फाची शक्यता साठ टक्के."

"म्हणजे काय, यार? हो की नाही ते सांग ना!"

"हवामानात हो-नाही नसतं," मी म्हटलं. हे वाक्य किती वर्षं जपून ठेवलं होतं.

दुपारी नवे आकडे आले. वरच्या हवेत उबदार थर घुसत होता. म्हणजे बर्फ वाटेतच वितळणार, त्याचा पाऊस होणार आणि खालच्या गोठलेल्या रस्त्यावर टेकताच त्याची काच होणार. बर्फावरून गाडी हळूहळू नेता येते, काचेवरून नाही. हे तुम्हीच शिकवलंत, जन्मात बर्फ न बघता, फळ्यावर खडूने. ऑफिसचा अंदाज बदलला आणि लगेच त्याला फोन लावला.

"गाडी काढू नकोस."

"किती टक्के?"

"टक्के गेले चुलीत! काढायची नाही म्हणजे नाही!"

दुसऱ्या दिवशी त्या रस्त्यावर गाड्या एकमेकींत घुसून पडल्या होत्या. तुमचा मुलगा घरी होता. संध्याकाळी त्याच्या आईचा, काकूंचा, फोन आला. "अगं, काल फोन स्पीकरवर होता. मला वाटलं, हेच ओरडतायत. अगदी तस्संच!"

त्याच वेळी त्यांना सांगता आलं असतं की तुम्ही माझं काय केलं होतंत. सगळं जिभेवर होतं. सांगितलं नाही.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी तुम्हाला एवढा आनंद मी दिला नसता. माफ अजूनही केलेलं नाही. काकूंना मात्र मी एवढंच म्हटलं, "नीट ऐकू नाही आलं, काकू. पुन्हा सांगा ना."

नीट ऐकू आलं होतं.